अंगठा लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

‘आजी, तुमचा अंगठा लागत नाही.’ रेशन दुकानात, बँक मित्राकडे, आपले सरकार सेवा केंद्रात हे वाक्य सतत कानावर पडतं. ऐकणाऱ्या बाईला वाटतं, आपल्याच हातात काहीतरी खोट आहे. ती बोट पदराला पुसते, पुन्हा काचेवर ठेवते, या वेळी जोर लावून दाबते, आणि नेमकं जोर लावल्यामुळे पुन्हा लागत नाही. मग ‘उद्या या’. त्या ‘उद्या’त एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे: दुकानदारांसाठी, केंद्रचालकांसाठी आणि आईवडिलांना घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी.

आधी मशीन काय करतं ते बघू. बोटाच्या त्वचेवर उंचवट्यांच्या रेषा असतात आणि दोन रेषांमध्ये चर. रेषा जिथे संपते ते टोक आणि जिथे तिला फाटा फुटतो तो फाटा, असे काही डझन बिंदू एका बोटावर मिळतात. इंग्रजीत त्यांना मिन्युशिया म्हणतात. प्रत्येक बिंदूची जागा आणि दिशा मिळून एक नकाशा तयार होतो. हा नकाशा कुलूपबंद करून, त्यावर उपकरणाची डिजिटल सही आणि वेळ टाकून तो आधारच्या मध्यवर्ती साठ्याकडे पाठवला जातो. तिथे नोंदणीच्या वेळच्या नकाशाशी तो ताडून पाहतात, किती जुळतो त्याचे गुण काढतात, आणि गुण ठरलेल्या उंबरठ्याच्या वर असतील तर ‘हो’, खाली असतील तर ‘नाही’ असं उत्तर येतं.

हा उंबरठा फार महत्त्वाचा आहे. तो उंच केला तर परक्याचं बोट आत शिरत नाही, पण घरच्याचंही कधी अडतं. खाली आणला तर घरचा माणूस सुखाने येतो, आणि सोबत परकाही येऊ शकतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारं यंत्र जगात कुठेच नाही. थोडक्यात, ‘अंगठा लागला नाही’ याचा अर्थ ‘ही बाई ती नव्हे’ असा होत नाही. आजच्या मोजमापात गुण कमी पडले, एवढाच त्याचा अर्थ.

आकड्यांत सांगायचं तर आधार प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या अहवालात सर्वांत चांगलं एक बोट वापरून ९६.५ टक्के आणि सर्वांत चांगली दोन बोटं वापरून ९९.३ टक्के लोकांची ओळख पटू शकते, असं म्हटलं होतं. आता ३०० कार्डांचं दुकान धरा आणि प्रत्येक घरातून एक जण आला असं समजा. एका बोटावर काम चालवलं तर दरमहा दहा घरं अडतील, दोन बोटांवर चालवलं तर दोन. शिवाय हा हिशेब ‘सर्वांत चांगल्या’ बोटाचा आहे. दुकानात कुणी ते शोधून ठेवलेलंच नसतं. सवयीने उजवा अंगठा लावतात, आणि कष्टकरी माणसाच्या हातात सर्वांत आधी झिजतो तो अंगठा आणि तर्जनी.

इथूनच सुरुवात करा. अंगठा दोनदा लागला नाही तर तिसऱ्यांदा तोच दाबत बसू नका. मधलं बोट घ्या, अनामिका घ्या, मग डावा हात. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे आहेत, कुठलंही चालतं. जे बोट पटकन लागेल ते रेशनकार्डाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा: ‘डावी अनामिका’. पुढच्या महिन्यात रांगेतली दहा मिनिटं वाचतात.

आता कातडीकडे येऊ, कारण खरं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं. सिमेंट ओलं झालं की तीव्र अल्कधर्मी होतं. हातमोज्यांशिवाय ते कालवणाऱ्या माणसाच्या बोटांवरचे उंचवटे त्याने अक्षरशः खाल्ले जातात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातलं तेल लागतं. ते इतकं दाहक असतं की कातडीचे पापुद्रे निघतात. सिन्नर, सोलापूरकडच्या विडी कामगार महिलांची बोटं तेंदूच्या पानांवर आणि तंबाखूवर दिवसभर घासली जातात. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी या सगळ्यांत हेच होतं, फक्त वेग वेगळा. कोळणींची अडचण निराळी: बर्फात आणि पाण्यात हात राहिल्याने बोटांना सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्या यंत्राला रेषांसारख्या दिसतात. वय झालं की कातडीची लवचीकता आणि ओलावा कमी होतो, उंचवटे बसके होतात. इसब किंवा सोरायसिस असेल तर रेषा मध्येच तुटतात. कॅपेसिटाबिन नावाचं कर्करोगावरचं औषध चालू असलेल्या काही रुग्णांचे ठसे काही काळ जवळजवळ नाहीसे होतात. घरात असा रुग्ण असेल तर बँकेची आणि पेन्शनची कामं ओटीपीवर किंवा डोळ्यांवर (म्हणजे बुबुळांच्या ओळखीवर) कशी होतील, ते आधीच बघून ठेवा.

यात एक दिलासा आहे. रेषांचं मूळ वरच्या थरात नसतं, ते कातडीच्या खालच्या थरात असतं, आणि आईच्या पोटातच पक्कं झालेलं असतं. वरवर झिजलेली कातडी साधारण महिन्याभरात नवी येते, आणि नक्षी तीच येते. खोल कापलं, भाजलं तरच कायमचा व्रण राहतो. म्हणजे हाताला दोन-तीन आठवडे विश्रांती आणि तेल मिळालं तर बऱ्याच जणांचे ठसे परत येतात.

काचेवर नेमकं काय होतं ते समजलं की उपायही आपोआप सुचतात. रेशन दुकानातली बहुतेक यंत्रं प्रकाशावर चालतात. काचेच्या खालून दिवा पडतो. जिथे उंचवटा काचेला चिकटतो तिथे प्रकाश विखुरतो आणि चित्रात काळी रेषा उमटते. जिथे चर आहे तिथे हवा असते, प्रकाश तसाच परत फिरतो आणि पांढरं दिसतं. बोट कोरडं असेल तर उंचवटाही काचेला नीट चिकटत नाही, रेषेऐवजी ठिपके-ठिपके उमटतात. बोट ओलं असेल तर चरांत पाणी भरतं आणि सगळा काळा डाग होतो. जोराने दाबलं तर उंचवटे पसरून एकमेकांना भिडतात, पुन्हा काळा डाग.

कोरड्या बोटाला ओलसर फडकं लावा आणि लगेच कोरड्याने टिपा. फडकं नसेल तर बोट कपाळावर किंवा नाकाच्या बाजूला हलकंसं घासा. तिथला नैसर्गिक तेलकटपणा नेमका पुरेसा असतो. ओल्या बोटाला सुती कापड लावा आणि अर्धा मिनिट थांबा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन रात्री लावायचं, सकाळी साबणाने धुवायचं. रांगेत उभं राहून तेल लावलं तर ते काचेवर उतरतं आणि मागच्या दहा जणांचे ठसे बिघडवतं. चुना, राख, पॉलिश पेपर यांनी बोट घासण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने उरलेले उंचवटेही जातात.

बोट ठेवण्याची रीतही सांगायला हवी. पुष्कळ लोक बेल दाबावी तसा बोटाचा शेंडा टेकवतात. शेंड्यावर बिंदू कमी असतात. नक्षीचा मध्य, म्हणजे जिथे रेषांचा भोवरा किंवा कमान असते, तो नखाच्या मुळाच्या बरोबर खाली येतो. तो भाग काचेच्या मधोमध यायला हवा. बोट आडवं, सपाट, सरळ ठेवायचं, कागदावर शिक्का ठेवतो तेवढाच दाब द्यायचा, आणि दिवा विझेपर्यंत हलवायचं नाही. हात थरथरत असेल तर दुसऱ्या हाताने मनगट धरायला सांगा. दुकानदाराने स्वतः म्हाताऱ्या माणसाचं बोट पकडून दाबू नये. अशा वेळी हमखास जास्त दाब पडतो.

आणि काच! दिवसभरात शंभर बोटांचा घाम, धान्याची धूळ, पिठाचा थर तिच्यावर बसतो. आधीच्या माणसाचा ठसा तसाच राहिला तर पुढच्याच्या ठशावर तो चढतो. दर दहा-पंधरा माणसांनंतर मऊ कोरड्या कापडाने काच पुसा. चिकटपणा जात नसेल तर सेलो टेपचा तुकडा हलकेच टेकवून उचला, मळ त्याला लागून येतो. सॅनिटायझर थेट ओतू नका, काही यंत्रांच्या काचेवर मऊ लेप असतो आणि तो खराब होतो. यंत्र दाराशी, खिडकीशी ठेवलं असेल आणि त्यावर ऊन येत असेल तर ठसा फिका येणारच. नुसता हाताचा आडोसा केला तरी फरक दिसतो.

बोट आणि काच दोन्ही ठीक असतील तर पडद्यावरचा आकडा वाचा. तो आकडा वाचायला फार कमी जण शिकतात, आणि तिथेच अर्धे गैरसमज होतात. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, वर सांगितलेले उपाय करा. ३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपले ठसे लॉक करून ठेवले आहेत, शंभर वेळा बोट लावूनही काही होणार नाही, आधी अनलॉक करावं लागेल. ८११ म्हणजे त्या माणसाचा त्या प्रकारचा ठसा साठ्यातच नाही. लहानपणी आधार काढलेल्या मुलांच्या बाबतीत हे होतं. ९९८ आला तर आधार क्रमांकातच गडबड आहे, एखादा अंक चुकला असेल. यांपैकी काहीच नसेल आणि चक्र नुसतं फिरत राहून बंद पडत असेल तर तो नेटवर्कचा प्रश्न आहे, तिथे बोटाचा काही संबंध नाही. मोबाइलला जोडलेल्या स्कॅनरमध्ये आरडी सर्व्हिस (स्कॅनरचा ठसा आधारकडे पाठवण्यासाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) बंद पडलेली असते, स्कॅनर मोबाइलला जोडणारी ओटीजी केबल ढिली असते, किंवा मोबाइलचं घड्याळ चुकीचं असल्यामुळे विनंती शिळी समजून फेटाळली जाते. या तिन्ही गोष्टी तपासायला दोन मिनिटं लागतात.

पुष्कळदा दोष वर्तमानात नसून भूतकाळात असतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि पुढची काही वर्षं गावोगाव शिबिरं भरवून घाईघाईने नोंदणी झाली. डावे चार, उजवे चार आणि दोन अंगठे अशा तीन टप्प्यांत ठसे घेतात. एखाद्याचे घेताना दर्जा कमी असूनही पुढे ढकललं असेल, तर आज कितीही चांगलं बोट लावा, तुलना त्या जुन्या अंधुक चित्राशीच होते. दहाही बोटं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या यंत्रांवर लागत नसतील तर बायोमेट्रिक अपडेट हाच उपाय.

अपडेटला जाण्याचीही वेळ साधावी लागते. वीटभट्टी पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जा. ऊसतोडीवरून परतल्यावर आठ दिवसांत जाऊ नका, तीन-चार आठवडे हाताला तेल लागू द्या. केंद्रावर गेल्यावर ऑपरेटरला पडद्यावर प्रत्येक बोटाचा दर्जा दाखवायला सांगा, तो तिथे दिसतो. कमी आला तर हात धुऊन, पुसून पुन्हा घ्यायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे ठसेही त्याच वेळी घेतले जातात, त्यात टाळाटाळ करू नका. बुबुळाची नक्षी कामाने झिजत नाही, म्हणून कष्टकरी माणसासाठी ती बोटापेक्षा भरवशाची. मोबाइल क्रमांक जुना असेल तर तोही त्याच फेरीत बदलून घ्या, कारण पुढे सगळे पर्याय ओटीपीपाशी येतात.

मुलांचं वेगळं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेतच नाहीत, नुसता फोटो घेतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट सक्तीचं आहे. ते राहून गेलं की शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या वेळी अडतं, आणि तेव्हा केंद्रावर रांग असते.

बोटं किंवा डोळे नसलेल्या माणसालाही आधार मिळतं, हे अजून अनेकांना माहीत नाही. बोटं नसतील तर डोळ्यांवर, डोळे नसतील तर बोटांवर, दोन्ही नसतील तर फोटोसह अपवाद म्हणून नोंदणी होते. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसाला केंद्रावरून परत पाठवणं हे नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही.

रेशनच्या बाबतीत तर आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की ठसा जुळला नाही, नेटवर्क नाही, या कारणांवरून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही. डोळे किंवा ओटीपी वापरून बघायचं, तेही जमलं नाही तर कागदपत्रं पाहून धान्य द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. ही अपवादाची नोंदवही माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. तिच्यात तारीख, कार्ड क्रमांक, कोणकोणती बोटं लावली, कोणता आकडा आला आणि धान्य किती दिलं एवढं लिहिलं, तर तहसीलच्या पुरवठा शाखेला तीन महिन्यांत कळतं की अडचण माणसांत आहे, यंत्रात आहे की नेटवर्कमध्ये. एकाच दिवशी वीस जणांना ३०० आला असेल तर वीस जणांची बोटं एकदम झिजलेली नसतात, काच खराब झालेली असते. धान्य नाकारलं गेलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

ऑफिसातलं हजेरीचं यंत्र दिसायला तसंच, पण काम उलटं करतं. रेशन दुकानात आधी आपला क्रमांक दिला जातो आणि त्या एकाच माणसाशी तुलना होते. हजेरीत क्रमांक न देता नुसतं बोट लावतात आणि यंत्र सगळ्यांमधून शोधतं. समजा, परक्याचं बोट चुकून जुळण्याची शक्यता लाखात एक आहे. पाचशे कर्मचाऱ्यांच्या यादीत तीच शक्यता जवळपास दोनशेत एक होते. म्हणून मोठ्या कारखान्यात आधी चार अंकी क्रमांक आणि मग बोट, अशी पद्धत ठेवावी. दाराच्या बायोमेट्रिक कुलपाला किल्लीचं भोक असलंच पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांचं एकेक बोट नोंदवावं. एका हाताला पट्टी बांधलेली असताना त्याचा उपयोग कळतो.

आतापर्यंत आपलं बोट न लागण्याबद्दल बोललो. उलट बाजू जास्त धोक्याची आहे: आपल्या बोटाची नक्कल लागणं. ‘निशाणी डावा अंगठा’ पिढ्यान्‌पिढ्या खरेदीखतांवर उमटत आली, आणि ती कागदावर असेपर्यंत काही बिघडत नव्हतं. दस्त ऑनलाइन आले तेव्हा त्यांच्यासोबत ठसेही आले. तेलंगणात २०१८ साली अशाच दस्तांवरचे ठसे उचलून, रबरी शिक्क्यासारखे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दस्तांवरच्या ठशांच्या नकला करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. आधारवरून पैसे काढताना कार्ड लागत नाही, पिन लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट पुरतं. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत निघतात. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटं दहाच असतात. अमेरिकेत २०१५ साली सरकारी कर्मचाऱ्यांच्या साठ्यातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले, त्यांना नवीन बोटं कुणी देऊ शकलं नाही.

यंत्रं त्यामानाने सुधारली आहेत. २०२३ पासून आधारमध्ये नुसत्या बिंदूंच्या नकाशासोबत बोटाचं चित्रही तपासलं जातं, ते जिवंत कातडीचं आहे की सिलिकॉनचं ते पाहण्यासाठी. नव्या एल-१ प्रकारच्या स्कॅनरमध्ये ठशावरची सही आणि कुलूपबंदी उपकरणाच्या आतल्या सुरक्षित भागातच होते, जुन्या एल-० मध्ये ती मोबाइलमध्ये किंवा संगणकात व्हायची. मंत्रा कंपनीचं एमएफएस १०० हे जुन्या प्रकारातलं, एमएफएस ११० नव्या. केंद्रचालकाने जुनं वापरत राहू नये.

आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर जायचं, आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून शिरायचं, ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ निवडायचं, संमतीच्या चौकटीत खूण करायची. त्यानंतर बोट, डोळे, चेहरा तिन्ही बंद. ओटीपी मात्र चालूच राहतो. गरज पडली की तेवढ्यापुरतं अनलॉक करता येतं. एकच खबरदारी: ज्या आईवडिलांना दरमहा बोटावर धान्य किंवा पैसे घ्यावे लागतात त्यांचं लॉक परस्पर लावून शहरात निघून जाऊ नका. दुकानात ३३० येईल आणि अनलॉकचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर, दोनशे किलोमीटरवर येईल.

आधारच्या त्याच संकेतस्थळावर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ नावाचा भाग आहे. मागच्या सहा महिन्यांतल्या ५० नोंदींपर्यंत तिथे दिसतात: कोणत्या दिवशी, किती वाजता, बोट की ओटीपी, कुणी मागणी केली. महिन्यातून एकदा पाहा. न ओळखीची नोंद दिसली किंवा खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला तर आधी लॉक लावा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर नुकसान येत नाही. तक्रारीला त्या हिस्टरीच्या पानाची छापील प्रत जोडा. तुम्ही कामावर होतात त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात तुमचं बोट लागलं होतं, हे त्या पानावरच्या तारखेवरून आणि वेळेवरून दाखवता येतं.